केशरबाईच्या दाराला कुलूप

साल चव्वेचाळीस. जाणते स्वार लढाईवर गेले आणि नगरच्या पलटणीच्या तबेल्यात नव्या पोरांना घोडा शिकवायला उरला कोण, तर फिलिप नालबंद. त्याला घोड्याचे खूर ठाऊक. खुरांच्या वरचा घोडा फारसा ठाऊक नव्हता. पण मिशा झुपकेदार, आवाज खणखणीत. तेवढ्यावर तो उस्ताद झाला.

उधळलेला घोडा थांबवायचा धडा जुन्या उस्तादाकडून ऐकून त्यानं प्रार्थनेसारखा पाठ केला होता. दोन्हीकडून लगाम ओढत बसायचं नाही. एक मूठ आयाळीत रोवायची, दुसऱ्या हातानं एकाच बाजूचा लगाम आखूड धरायचा, ओढायचा, सोडायचा आणि घोडा गोल फिरवायचा. एवढं सांगून झालं की तो पोराला शेवंती घोडीवर बसवी आणि मागून खड्यांचा डबा खडखडवी. शेवंती केडगावच्या वाटेला अशी सुटायची की पोराला धडा आठवायला सवडच नसे. अकरा जण डोळे मिटून आयाळीला लोंबकळले होते आणि मैलभरावर घोडी थांबल्यावर डोळे उघडून, आपणच थांबवली म्हणून छाती फुगवत परत आले होते.

खरं फिलिपलाच माहीत. शेवंती आधी टांग्याला होती. धूळ दिसली की केडगावच्या अलीकडं राहणारी तिची जुनी मालकीण केशरबाई गुळाचा खडा घेऊन वाटेत उभी राही आणि शेवंती गुळापाशी थांबे. एकदाच केशरबाई बाजाराला गेली होती. तेव्हा शेवंती थेट रेल्वेच्या फाटकावर जाऊन धडकली. पाठीवर नशिबानं पोराऐवजी भुश्शाचं पोतं बांधलेलं होतं. ते रुळांवर सापडलं, दोन ठिकाणी.

त्या सकाळी मोठा साहेब परीक्षा बघायला यायचा होता. दूधवाली लंकाबाई माप ओतता ओतता सहज बोलून गेली की केशरबाई काल लेकीच्या बाळंतपणाला देवळालीला गेली, दाराला कुलूप हाय. फिलिपच्या हातातलं भांडं कलंडलं. नऊची मालगाडी यायला अर्धा तास होता.

खरं सांगावं तर अकरा पोरं खोटी पडणार आणि आपली नोकरी जाणार. घोडी लंगडतेय म्हणावं, तर साहेबानं चारी खूर स्वतः उचलून पाहिले आणि नाल झकास ठोकलेत म्हणून त्याचीच पाठ थोपटली.

घोडीवर पाथर्डीकडचा गहिनीनाथ बसला होता. घरी विधवा आई, मनकर्णा, तिला हा एकुलता एक. पोरगं ओठांत धडा पुटपुटत होतं. फिलिपनं तोंड उघडलं, पण साहेबानं डबा आपल्या हातात घेतला होता. खडखडाट झाला आणि शेवंती सुटली.

फिलिप मागं धावला. धूळ लांब गेली, केशरबाईच्या झोपडीपाशी पोचली, थांबली नाही. पुढं फाटक. फिलिपनं छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले, अगदी त्या अकरा जणांसारखे.

उघडले तेव्हा धूळ वाकडी झाली होती. मग गोल. मग त्याहून लहान गोल. शेवटी शेवंती फाटकाच्या अलीकडच्या नांगरटीत उभी राहिली.

गहिनीनाथ परत आला तो घामेजलेला आणि हसरा. म्हणाला, "उस्ताद, तुमी सांगितलं तसंच केलं. लई सोपं हाय."

साहेब इतका खूश झाला की त्याला आणखी बघावंसं वाटलं. चेल्याची ही तऱ्हा, तर गुरूचा हात कसा असेल? त्यानं फिलिपला घोडीकडं बोट दाखवलं.

फिलिपला आजवर कुणी घोडीवर बसलेलं पाहिलं नव्हतं, कारण तो कधी बसलाच नव्हता. गहिनीनाथनं मोठ्या आदरानं रिकीब धरली. फिलिप कसाबसा वर चढला. शेवंतीनं कान टवकारले. तिला आज गूळ मिळाला नव्हता.

फिलिपनं धडा आठवून पाहिला. पहिला शब्दच सापडेना. तो खाली वाकून हळूच म्हणाला, "गहिन्या, मूठ कुठं रोवायची म्हनलास?"

उस्ताद गंमत करतायत असं वाटून गहिनीनाथ खो खो हसला. लांबून मालगाडीची शिट्टी आली आणि साहेबानं डबा उचलला.