माझं एकच आहे

डल्सी हॅनिगनच्या नवऱ्याला अकरा वाजता जाळायचं होतं आणि साडेनऊला ती स्वस्त दुकानातल्या रांगेत शेवटची उभी होती.

कुरावा गावच्या अग्निघराचा नियम कडक. अकरा ते साडेअकरा हॅनिगन, साडेअकराला पुढचे. उशीर झाला तर थेट सोमवार. आणि क्लेमला आणखी दोन दिवस ताटकळत ठेवायचं डल्सीच्या जिवावर आलं होतं. बेचाळीस वर्षं तो बिचारा दर शनिवारी दुकानाबाहेर गाडीत बसून राहिला होता. कारण एकच. रांगेत मागे कोणी एकच वस्तू घेऊन उभं दिसलं की डल्सीच्या तोंडून आपोआप निघायचं, "एकच आहे ना? व्हा पुढे." तसं कुराव्यात सगळेच म्हणतात. न म्हणणाऱ्याशी गाव बोलत नाही. पण डल्सी एका खेपेला सात-सात जणांना पुढे सोडायची आणि बाहेर क्लेमच्या मांडीवर तिच्यासाठी धरून ठेवलेलं आइस्क्रीम वितळायचं.

"आज कोणालाही नाही," ती स्वतःशी म्हणाली. तिच्या ढकलगाडीत होते दहा पाव, लोण्याचे डबे आणि वर अख्खी डुकराची मांडी, हाडासकट, सहा किलोची. अंत्यविधीनंतर सँडविच नसली तर क्लेमचे बोलिंगवाले मित्र रडत नाहीत, हा अनुभव होता.

त्यात आज वर्षाचा बर्फसेल, म्हणजे बर्फावर घसरायच्या सामानाचा. कुराव्यात कोणी बर्फ बघितलाय तो फक्त पेल्यात. तरी पहाटेपासून गाव लोटलं होतं. स्वस्त आहे म्हटल्यावर घ्यायलाच हवं! रांगेतल्या निम्म्या लोकांनी, हात मोकळे राहावेत म्हणून, हेल्मेटं डोक्यावरच चढवली होती. खांद्यांवर टोकदार काठ्या. अंत्यविधीला निघालेली डल्सी लढाईला निघालेल्या फौजेच्या शेपटाला उभी होती.

काउंटर एकच चालू. त्यावर शँटेल. ती वस्तू यंत्रावर नुसत्या वाजवत नसे, फेकत असे. बीप, बीप, बीप, आणि टोमॅटोचा डबा गिऱ्हाइकाच्या पोटात. पिशवीत भरत बसलात तर पुढचा डबा कपाळावर. "तिकडे बाकावर जाऊन भरा!" असं ती डोकं वर न करता ओरडायची.

दहा वाजता डल्सीच्या पुढे एकच माणूस उरला. तेवढ्यात मागून कोणी खाकरलं. राखाडी सूट, परका चेहरा, हातात घशाच्या गोळ्यांचं एक पाकीट.

डल्सीने मान फिरवायला नको होती. फिरवली.

"एकच आहे ना? व्हा पुढे," तिचं तोंड म्हणालं.

"देव तुमचं भलं करो, बाई!" म्हणून तो तिच्या पुढे आला. तिथपर्यंत ठीक होतं. मग त्याने मागे वळून पाहिलं.

"अहो दादा, तुमचंही एकच? या, या, माझ्या पुढे!"

दादा गेले. मग दुधाची पिशवी घेतलेल्या आजी गेल्या. मग, डोक्यावरचं हेल्मेट न मोजता, कुत्र्याचा पट्टा घेतलेला एक जण. सूटवाला हसून हसून सगळ्यांना वाटा देत होता, आणि वाटा होता डल्सीच्या वेळेचा. दहा वाजून दहा मिनिटं झाली.

"ओ भाऊ," डल्सी म्हणाली, "तुम्हाला मी सोडलं. गावजेवण नाही घातलं."

"अहो बाई, एवढी काय घाई? कोणी मेलंय का?"

डल्सीने डुकराची मांडी नळीच्या हाडाकडून धरली. छान पकड बसली. दोन पावलं मागे सरून तिने ती अशी फिरवली की क्लेमने टाळ्या वाजवल्या असत्या. सूटवाल्याच्या जबड्यातून एक दात उडाला आणि तो काउंटरच्या सरकत्या पट्ट्यावर आडवा झाला. पट्टा चालूच होता. तो डोक्याकडून शँटेलकडे निघाला.

"बाईने मारलं त्याला!" कुत्र्याच्या पट्ट्यावाला ओरडला.

"बरं केलं! तूही घुसलायस," म्हणत रांगेतल्या बार्ब नजंटने त्याच्या हेल्मेटावर काठी हाणली. हेल्मेट स्वस्तातलं होतं. दोन तुकडे झाले, आणि त्यावरून वीस वर्षांची भांडणं बाहेर आली. कोणी कोणाचं कुंपण हलवलं होतं, कोणी कोणाची बायको. काठ्या सटासट वाजू लागल्या. दुधाच्या आजींनी एकाच्या कानाचा चावा घेतला आणि तो कान तोंडात धरूनच दुसऱ्याला लाथ घातली. डबे उडाले, डोकी फुटली, केचप कुठलं आणि रक्त कुठलं कळेना. शँटेल जे पट्ट्यावर येईल ते वाजवत होती आणि फेकत होती. तिच्या एका मक्याच्या डब्याने मॅनेजर झोपला.

मग तिच्या हाताला सूटवाला लागला. तिने त्याला उलटापालटा केला. गोळ्या सापडल्या, बीप. खिशातून एक घडी केलेला कागद पडला, तोही तिने काचेवरून फिरवला. वाजला नाही.

"तुमचं आहे का हे, मावशी? नाव हॅनिगन दिसतंय."

डल्सीने वाचलं. 'क्लेमंट हॅनिगन, अकरा वाजता. अत्यंत सहनशील माणूस.' खाली दीड पान भाषण.

म्हणजे हाच तो फोनवर ठरवलेला, शेजारच्या गावचा, विधी चालवणारा मिस्टर पिम. घसा साफ करायला गोळ्या घ्यायला आला होता.

"अरे देवा," डल्सी म्हणाली. घड्याळात साडेदहा.

तिने पाव सोडले, लोणी सोडलं. मिस्टर पिमला खांद्याला धरून ढकलगाडीत ओतलं. "शँटेल, किती झाले?"

शँटेलने मांडी वाजवली. पिमच्या मानेमागे शोधलं. "याला किमतीची पट्टी नाहीये. नुसत्या मांडीचे द्या."

पण दारापर्यंत सगळं गाव एकमेकांच्या उरावर बसलं होतं. डल्सीने मांडी उंच धरली आणि फुफ्फुसं फाटेस्तोवर ओरडली, "माझं एकच आहे!"

काठ्या हवेतच थांबल्या. आजींनी कान सोडला. बार्बने ज्याचा गळा आवळला होता त्याला सोडून बाजूला ओढलं.

"एकच आहे? मग जा ना बाई पुढे," ती धापा टाकत म्हणाली, "विचारायचं काय त्यात?"

रक्ताळलेल्या फौजेने वाट करून दिली. दोघांनी तर पिमला उचलून तिच्या मोटारीत घातलं, आणि परत जाऊन मारामारी चालू केली.

अकराला दोन मिनिटं कमी असताना मिस्टर पिम शुद्धीवर आला तो क्लेमच्या पेटीशेजारी खुर्चीत. समोर डल्सी, तिच्या मांडीवर मांडी.

"वाचा," ती म्हणाली.

"अथ्यंथ थहनशील माणूथ," पिमने सुरुवात केली. बोलिंगवाले रडायला लागले.

तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं. साडेअकराचे लोक लवकर आले होते. काळ्या टोपीतली एक बाई पाय न वाजवता पुढे आली आणि डल्सीच्या कानाशी वाकली.

"ताई, तुमचं भाषण वगैरे लांबलचक दिसतंय. आमची एकच पेटी आहे. पुढे जाऊ का?"

डल्सीचे ओठ हलले. जुनी सवय जिभेच्या टोकापर्यंत आली. तिने क्लेमच्या पेटीकडे पाहिलं. मग नळीवरची पकड घट्ट केली.

"नाही," ती म्हणाली.