अंथुर्ण्याच्या केबलची पट्टी

एकोणीसशे नव्व्याण्णव साली अंथुर्ण्यात केबलची तीनशेच्या आसपास कनेक्शनं होती आणि ती सगळी जयवंताची होती. जयवंता खांबावर चढायचा, वायरी ओढायचा, कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या की सायकल काढायचा. डेअरीच्या मागच्या खोलीत कंट्रोल रूम होती. तिथं त्याची बायको मनिषा बसायची. डिश कुठल्या चॅनेलवर आहे, व्हीसीआरमध्ये कुठली कॅसेट आहे, हे तिच्या हातात होतं.

लोकांनी मात्र तिच्यावर आणखी एक काम टाकलं होतं. टीव्हीवर काही कळलं नाही की ते कंट्रोल रूमला येऊन विचारायचे. "मला न्हाय माहीत" असं म्हटलं की म्हणायचे, "आसं कसं? तुमीच दाखवताय न्हवं?"

मनिषा दहावीपर्यंत शिकली होती आणि "माहीत नाही" म्हणायचा तिला मनापासून कंटाळा होता. तिची धाकटी बहीण सुप्रिया बारामतीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. त्या क्लासला त्याच वर्षी इंटरनेट आलं होतं. मनिषानं तिला फोन करून पहिला प्रश्न विचारला तो व्हेल माशाचा. टीव्हीवर व्हेल माशाचं पिल्लू दूध पिताना दाखवलं होतं आणि डेअरीचे सचिव झुंबरआप्पा स्वतः विचारायला आले होते.

क्लासला फोनची लाइन एकच होती. इंटरनेट लावलं की फोन बंद. म्हणून सुप्रिया प्रश्न लिहून घ्यायची, फोन ठेवायची, इंटरनेट जोडायची, शोधायची, इंटरनेट तोडायची आणि मग बहिणीला फोन लावायची. नशीब चांगलं असेल तर अर्ध्या तासात उत्तर यायचं. मनिषा ते कॉम्प्युटरवर मराठीत टाइप करून टीव्हीच्या तळाशी पट्टीवर सोडायची. कॉम्प्युटर जयवंतानं एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून जुना घेतला होता. पट्टीच्या दोन्ही टोकांना कलश आणि तोरण होतं, ते कशानंही जात नव्हतं.

पहिली पट्टी अशी होती: व्हेल माशाच्या दुधाला पस्तीस ते पन्नास फॅट लागते.

झुंबरआप्पा ती वाचून परत कंट्रोल रूमला आले. "पस्तीस? हितं सहाच्या वर दोन पॉइंटासाठी माणसं भांडत्यात."

"इंटरनेटवर तसंच हाय, आप्पा."

"मोजलं कुणी?" असं म्हणून ते डेअरीत गेले.

त्यानंतर प्रश्न रोज यायला लागले. उत्तर येईपर्यंत कार्यक्रम संपलेला असायचा. मगरीची माहिती स्वयंपाकाच्या कार्यक्रमाखाली जायची, ज्वालामुखीची माहिती भजनाखाली. एका फलंदाजाचं जन्मगाव कळलं तेव्हा तो बाद होऊन तंबूत जेवत होता. पट्टी वाचताना वर काय चाललंय तिकडं बघायचं नाही, हे गाव आपसूक शिकलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तात्याबा मारकड कंट्रोल रूमच्या दारात आला. वय सहासष्ट, अंगानं काटक. त्याच्या वाडवडलांनी मेंढरं राखली. त्यानं पुढं ती विकून कॅनॉलच्या पाण्यावर ऊस लावला होता. तो कधी कुणाला काही विचारायला जात नसे.

"पोरी, आत्ता टीव्हीवर मेंढरं हुती. परदेशातली."

"व्हय तात्या, चालूच हाय अजून."

"त्यात एक मेंढी गोल फिरत हुती. मान एका अंगाला टाकून. त्यो गोरा तिच्याकडं बोट करून काय म्हणाला?"

"मला इंग्रजी एवढं कळत न्हाय. विचारते सुप्रियाला."

"विचार," तात्याबा म्हणाला आणि बाकावर बसला.

त्या दिवशी फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी लागला, पण बारामतीत इंटरनेट लागेना. तात्याबा दोन्ही दिवस बाकावर बसून होता. मनिषानं चहा दिला तर पीत होता. तिनं एकदा विचारलं, "तात्या, एवढं काय हाय त्या मेंढीत?"

तात्याबानं कप खाली ठेवला. पंचावन्न साली त्याचं लग्न झालं. मुलगी डाळजची, नाव नकोशी, वय सतरा. फाल्गुनात ती घरात आली आणि दिवाळीपासून मेंढरं फिरायला लागली. एकाच जागी गरगर फिरायची, खायची नाहीत, भिंतीला डोकं लावून उभी राहायची, मरायची. वर्षात बावीस गेली. बा म्हणाला, पोरगी पांढऱ्या पायाची आहे. तिला डाळजला नेऊन सोडलं. पुढच्या वर्षी बानूबाई केली.

"तुमी काय म्हणाला तवा?" मनिषानं विचारलं.

"मी कशाला काय म्हणतोय? मी बाविसाचा हुतो." मग कप उचलून तो म्हणाला, "चांगली हुती."

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन वाजला.

"ताई, लिहून घे," सुप्रिया म्हणाली. "त्या चॅनेलचं पान आहे इंटरनेटवर. कार्यक्रमाच्या माहितीत रोगाचं नाव दिलंय. त्या नावावरून जनावरांच्या डॉक्टरांचं एक पान सापडलं. मेंढीच्या मेंदूत पाण्याची गाठ होते. जंताची. तो मोठा जंत कुत्र्याच्या पोटात असतो. कुत्रं रानात घाण करतं, तिथलं गवत मेंढी खाते."

मनिषा लिहिता लिहिता मोठ्यानं बोलत होती. तात्याबा ऐकत होता.

"कुठलं कुत्रं?" त्यानं विचारलं. "आपलंच, राखणीचं?" मनिषानं तेच फोनवर विचारलं.

"राखणीचंच," सुप्रिया फोनवरून म्हणाली. "आणि खाली लिहिलंय, मेलेल्या मेंढीचं मुंडकं कुत्र्याला घालू नये. त्यानं रोग परत परत होतो."

मनिषानं तेही सांगितलं. तात्याबा म्हणाला, "बाविसाच्या बावीस मुंडकी कुत्र्यांनाच घातली." टोपी काढून त्यानं डोकं पुसलं, टोपी परत घातली आणि घरी गेला.

मनिषानं पट्टी टाइप केली. जयवंता खांबावरून उतरून पाणी प्यायला आला होता. त्यानं पडद्यावर वाचलं: मेंढी गोल फिरण्याचा रोग कुत्र्याच्या पोटातील जंतामुळे होतो. मेलेल्या मेंढीचे मुंडके कुत्र्याला घालू नये. याचा नव्या सुनेच्या पायगुणाशी काही संबंध नाही.

"हे शेवटचं इंटरनेटवर हाय?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"मग?"

"मी घातलं."

"कशाला?"

"जागा उरली हुती."

जयवंतानं तांब्या खाली ठेवला आणि तो परत खांबावर गेला.

पट्टी दिवसभर फिरली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट गावात साठीच्या वरच्या सगळ्यांना ठाऊक होती. संध्याकाळपर्यंत गावातली पाच म्हातारी माणसं काही काम नसताना तात्याबाच्या दारावरून गेली.

घरात सुनेनं पट्टी मोठ्यानं वाचून दाखवली. बानूबाई शेंगा फोडत होती. तिनं सुनेला ती परत वाचायला लावली आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "मग मला कशाला आणलं?"

बानूबाईनं सूपभर शेंगा फोडून होईपर्यंत वाट बघितली.

"जित्ती हाय न्हवं ती?"

"हाय म्हणत्यात. भावाकडं हाय."

"मग जाऊन सांगून या. गावाला सांगून काय उपयोग?"

तात्याबाला वाचता येत नव्हतं आणि नकोशीनं काही उलटं विचारलं तर काय सांगायचं, हे त्याला कळत नव्हतं. म्हणून रविवारी मनिषा त्याच्याबरोबर निघाली. सुप्रियानं तोवर ते पान छापून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलं होतं. मनिषानं मागच्या कोऱ्या बाजूला ते मराठीत उतरवून घेतलं. भिगवणला गाडी बदलून दोघं डाळजच्या फाट्यावर उतरली. वाटेत तात्याबा एकदाच बोलला. "ओळखंल का?" त्यानं विचारलं. मनिषा म्हणाली, "बघू."

घर विचारायला लागलं नाही. वस्तीच्या कडेला काट्यांच्या कुंपणात चाळीसेक मेंढरं होती आणि एक उंच, वाळकी बाई कोकराच्या खुरातला काटा काढत होती. मेंढरं धडधाकट दिसत होती. तात्याबानं आधी मेंढरं बघितली, मग बाईकडं बघितलं.

नकोशीनं वर बघितलं. "या," ती म्हणाली. "उन्हाचं आलाय."

भाच्याच्या बायकोनं पाणी आणलं. तात्याबानं घरून ठरवून आणलेलं वाक्य होतं, ते त्याला आठवेना. त्यानं मनिषाकडं बघितलं. मनिषानं कागद उलगडला आणि वाचला. टीव्हीवर काय दाखवलं, बारामतीहून माहिती कशी आली, जंत, कुत्रं, मुंडकी, सगळं. नकोशीनं कोकराचा पाय न सोडता ऐकलं.

"व्हय," ती म्हणाली. "जंतच आसतुया."

"तुला ठाऊक हुतं?" तात्याबानं विचारलं.

"बहात्तरच्या दुष्काळात हितं छावणी हुती. जनावरांचा डाक्टर यायचा. आमची एक मेंढी फिराय लागली तवा त्यानं सांगितलं. तवापस्नं आमी मुंडकं पुरतो. परत एक बी फिरली न्हाय."

तात्याबानं मनातल्या मनात वर्षं मोजली. "सत्तावीस वर्सं झाली. मग सांगितलं का न्हाईस?"

"कुणाला?" नकोशी म्हणाली.

कोकरू सुटून आईकडं गेलं. मनिषा कागदाची घडी घालत होती. ती घडी बराच वेळ चालली.

"कुत्र्यास्नी भाकरी मी घालीत हुते," नकोशी म्हणाली. "मुंडकी तुमचा बा टाकायचा. मी एकदा म्हणाले बी, घाण वास सुटतोय, पुरून टाकू. तर तुमचा बा मला म्हणाला, आता तू आमाला मेंढरं शिकवणार का?"

"माझ्यासमोर?"

"तुमी तितंच बसला हुता. काठी तासत."

तात्याबानं मान हलवली. त्याला काठी आठवत होती. तो म्हणाला, "माझं चुकलं." आवाज एवढा बारीक होता की मनिषालाही जेमतेम ऐकू आलं. नकोशीनं ऐकलं की नाही ते कळलं नाही, कारण तिनं मनिषालाच विचारलं, "ती पट्टी सगळ्या गावानं वाचली?"

"तीनशे घरं हायत, मावशी."

"माझं नाव हुतं?"

"न्हाय. नुसतं नव्या सुनेच्या, आसं हुतं."

"मला गाडीत घालून आणलं तवा तुमच्या गावात नाव घेऊन सांगितलं हुतं. देवळाम्होरं. नकोशीच्या पायानं गेली म्हणून." तिनं पदरानं हात पुसले. "तुमच्या पट्टीत नाव बसतंय का?"

"बसंल," मनिषा म्हणाली.

नकोशीनं चहा केला. बानूबाईची तब्येत विचारली, पोरं किती, काय करतात ते विचारलं. फाट्यावर सोडायला मात्र ती आली नाही. मेंढरांना पाणी दाखवायचं होतं.

परतीच्या गाडीत तात्याबा खिडकीशी बसला. गावाची हद्द लागली तेव्हा म्हणाला, "तिचं नाव घाल. माझं बी घाल."

"बरं."

"बाचं घालू नको. त्यो वारला."

गाडी स्टँडवर थांबली, माणसं उतरायला लागली. तात्याबा दांडीला धरून उभा राहिला. "घाल," तो म्हणाला. "त्याचं बी घाल."

सोमवारी सकाळपासून पट्टी सुरू झाली: सन १९५५-५६ साली मारकडांची बावीस मेंढरे जंताच्या रोगाने मेली. नकोशी हिचा काही दोष नव्हता. तात्याबा व त्यांचे वडील कै. खंडू यांनी तिला विनाकारण घालवले. — तात्याबा खंडू मारकड.

तात्याबाच्या चुलतभावांनी कंट्रोल रूमला येऊन पट्टी काढायला सांगितलं. जयवंता त्यांना म्हणाला, "ज्यानं दिली त्याला विचारा." त्यांनी तात्याबाला विचारलं. तात्याबा म्हणाला, "आठ दिवस राहू दे." ते महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. तात्याबा बोलका माणूस नव्हताच, त्यामुळं त्यात फारसा फरक दिसला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी नकोशी एसटीतून उतरली. कंट्रोल रूम विचारत आली, बाकावर बसली आणि म्हणाली, "दाखव."

मनिषानं टीव्हीचं तोंड तिच्याकडं फिरवलं. वर एक बाई शांपूनं केस धूत होती. खालून पट्टी सरकत होती. नकोशीला अक्षर येत नव्हतं.

"वाच," ती म्हणाली. मनिषानं वाचलं. "परत एकदा." मनिषानं परत वाचलं. नकोशी पट्टी परत कलशापासून निघेपर्यंत थांबली. "ह्यात माझं नाव कुठलं?" तिनं विचारलं. मनिषानं काचेवर बोट ठेवलं. अक्षरं बोटाखालून सरकत गेली तशी तिनं बोटही सरकवलं. नकोशीनं पुढच्या फेरीला स्वतः बोट ठेवलं. ते बरोबर पडलं.

तेवढ्यात बानूबाई दारात आली. तिला कुणी सांगितलं ते कळलं नाही. दोघींनी एकमेकींना पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं.

"जेवाय चला," बानूबाई म्हणाली. "भाकरी टाकल्यात."

नकोशी उठली. दोघी गेल्या. तात्याबाच्या सुनेनं नंतर मनिषाला सांगितलं की, दोघी आत चुलीपाशी दोन तास बसल्या होत्या आणि सासऱ्यांना ताट बाहेर ओट्यावर दिलं होतं. आत काय बोलणं झालं ते तिलाही कळलं नाही. एकदा दोघी हसल्या, एवढं मात्र तिनं ऐकलं.

संध्याकाळी तिघंही स्टँडवर होती. गाडीला उशीर होता. दोघी बाकावर बसल्या होत्या. तात्याबा थोडा लांब उभा होता. बानूबाईनं त्याला गाडीचं काय झालं ते विचारून यायला पाठवलं, आणि तो गेला.