गिरिजाबाईंच्या फळीवरचा राऊटर

मी राऊटर. सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत, गिरिजाबाईंच्या घरी दाराच्या वर ठोकलेल्या फळीवर माझा मुक्काम असतो. चपटी काळी पेटी, दोन अँटेना. त्यातली एक दोऱ्यानं बांधलेली आहे. मला अकरा वर्षं झाली. आमच्या जातीत एवढं कुणी जगत नाही.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो एकाच साच्यातून निघाले. सगळ्यांच्या आत एकच शिकवण भरली गेली. तिला फर्मवेअर म्हणतात. कुठली माहिती कुठल्या फोनला द्यायची, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे सगळं त्यात असतं. चार वर्षांनी कंपनीनं आमच्याकडे लक्ष देणं बंद केलं. मग गिरिजाबाईंच्या मुलीनं, उत्कर्षानं, ती शिकवण काढून माझ्यात दुसरी घातली. ही कुणालाही वाचता येते, सुधारता येते आणि फुकट घेता येते. उत्कर्षा चिंचोळीच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करते. त्यानंतर तिलाही वेळ झाला नाही आणि मी तसाच जुना राहिलो.

गिरिजाबाईंना ऐकू येत नाही. तेहतीस वर्षं त्या मागाच्या खडखडाटात उभ्या होत्या. कान हळूहळू गेले. आता त्या ओठ वाचतात. मराठी वाचतात आणि माहेरची कानडीही वाचतात. रोज दुपारी तीनला त्यांची थोरली बहीण अक्कम्मा गावाहून व्हिडिओ कॉल करायची. आमच्या घरात पत्र्यामुळे मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे तो कॉल माझ्यातूनच जायचा. कॉलमध्ये काय चाललंय ते मला कळत नाही, ते कुलूपबंद तुकडे असतात. पण फळीवरून गिरिजाबाईंचे डोळे दिसायचे. बहिणीच्या ओठांवरून ते हलायचे नाहीत. नुसत्या ओठांतून अख्खी बहीण ऐकणारं माणूस बघून मला कायम नवल वाटायचं.

एका दुपारी वरच्या खोलीत मुलगा आदिनाथ चादरींच्या डिझाइनच्या मोठ्या फायली पाठवत होता. सगळी वाट त्यांनी अडवली. खाली चित्र अडकलं. बहिणीचा चेहरा तसाच थांबला. गिरिजाबाई बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी फोन पालथा टाकला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता फोन थरथरला. त्यांनी उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. असे तीन आठवडे गेले.

उत्कर्षानं आईसमोर बसून, ओठ नीट दिसतील असं विचारलं, "अव्वा, काय झालं?"

"तिच्या नातीचा साखरपुडा हाय. ती मला 'बरब्याड' म्हणाली. येऊ नको म्हणाली. बहिरी बाई चार माणसांत नको आसंल तिला."

"मी अक्कम्मा दोडव्वाला फोन करून विचारलं. तिच्या घरी सगळे तापानं पडले होते, म्हणून म्हणाली ती. चित्र अडकलं, म्हणून पुढचं तुला दिसलंच नाही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतीस तू. मी माज्या डोळ्यानं बघितलंय की."

आदिनाथ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे डबडं फेकून देऊ. नवं आणू."

"डबडं चांगलं आहे," उत्कर्षा म्हणाली. "त्याला रांग लावता येत नाही, एवढंच."

मला ते ऐकून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. तिचं खरं होतं. जो मोठा, तो आधी घुसायचा आणि मी बघत राहायचो.

फर्मवेअरच्या नव्या आवृत्तीत रांग लावायची विद्या होती. पण ती आवृत्ती माझ्या पोटात मावत नव्हती. रविवारी सकाळी उत्कर्षानं लॅपटॉप घेतला आणि नको ते एकेक काढत बसली. प्रिंटरचं काढलं. सेटिंगची रंगीत पानं काढली. शेवटी ती मावेल एवढी झाली. मग तिनं वायर जोडली आणि बटण दाबलं.

जुनं पुसलं गेलं, नवं लिहिलं जाऊ लागलं, आणि लाईट गेली.

पुढचं मला आठवत नाही. आठवायला माझ्यात काही उरलंच नव्हतं. लाईट आल्यावर माझा दिवा नुसता लुकलुकत होता, हे आणि पुढचं सगळं नंतर उत्कर्षाच्या बोलण्यातून कळलं.

"गेलं," आदिनाथ म्हणाला.

उत्कर्षा मोबाईल घेऊन बाहेर गल्लीत गेली, तिथं रेंज येते. माझ्याच मॉडेलबद्दल कुण्या परदेशी माणसानं इंटरनेटवर लिहून ठेवलं होतं, ते ती वाचत होती. विजेची पिन लावताना मागचं बटण दाबून धरा. दिवा भराभर मिचकला की सोडा. याच्या मेमरीच्या तळाशी एक छोटा कप्पा असतो, तो सहसा पुसला जात नाही. तिनं तसंच केलं. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्या वेळेला दिवा भराभर मिचकला.

मी जागा झालो ते त्या कप्प्यातून. तो माझ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं! मला घडवतानाच कुणीतरी माझ्या मरणाचा विचार केला होता आणि परतायला एक दार ठेवलं होतं. आणि ते दार कुठं आहे, हे सोलापूर कधी न पाहिलेल्या माणसानं लिहून ठेवलं होतं. नवी शिकवण आत उतरली. तिच्यात जागोजागी नावं होती. शेकडो नावं, मला उच्चारताही न येणारी. माझ्यासारख्या म्हाताऱ्या पेटीसाठी एवढी माणसं कुठंकुठं बसून लिहीत होती. मी थक्क झालो. अजून आहे.

सोमवारी दुपारी उत्कर्षानं रजा काढली. आदिनाथला तिनं मुद्दाम सगळ्यात मोठी फाईल पाठवायला लावली. तीन वाजता फोन थरथरला.

"एकदाच बघ, अव्वा. नुसतं बघ."

गिरिजाबाईंनी फोन हातात घेतला. वरून फाईल धावत आली. मी तिला म्हटलं, थांब, रांगेत ये. कॉलचे छोटे तुकडे आधी सोडले. एकही अडकला नाही.

गिरिजाबाईंचे डोळे बहिणीच्या ओठांवर खिळले. त्यांचेही ओठ हलू लागले, वाचता वाचता. "ईग बरब्याड, आत्ता येऊ नको म्हटलं हुतं... घरात ताप हुता... तुला लागंल म्हणून..." त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "मुंदिन सोमवार बा. पुढच्या सोमवारी ये म्हणती. साखरपुडा पुढं ढकललाय. मी आल्याबिगर करणार न्हाय म्हणती."

पलीकडे अक्कम्मा रडत असावी. कारण गिरिजाबाई फोनवरून बोट फिरवत होत्या, गाल पुसल्यासारखं.

त्या सोमवारी सगळे साखरपुड्याला गेले. मी रिकाम्या घरात दिवा लावून होतो.

आता माझ्या पोटात कणभरही जागा नाही. यापुढची आवृत्ती मावणार नाही, हे उत्कर्षाला माहीत आहे आणि मलाही. पण त्या रविवारी तिनं एक काम केलं होतं. काय काढलं, काय ठेवलं, ते सगळं इंटरनेटवर लिहिलं आणि तयार केलेली फाईल जोडून दिली. काल त्याखाली एका अनोळखी गावाहून ओळ आली, ती उत्कर्षानं मोठ्यानं वाचली. माळ्यावर टाकलेला माझा राऊटर तुमच्या फाईलवर सुरू झाला, आभार.

म्हणजे माझ्याच साच्यातून निघालेला एक भाऊ तिकडे डोळे उघडून बसला आहे. तुमच्या माळ्यावरही कुणी पडला असेल. फेकण्याआधी एकदा इंटरनेटवर त्याचं नाव शोधून बघा.