मेंढरांचा सर्वे नंबर

फाल्गुनात वालूरच्या शिवारात गारा पडल्या, लिंबाएवढ्या. दिनकररावांच्या रानात तेव्हा नुकसान होण्यासारखं काहीच नव्हतं. हरभरा कधीच घरात येऊन पडला होता. त्या मोकळ्या रानात खतासाठी केवळाबाई धनगरणीची मेंढरं बसवली होती. तिला रोजची पायलीभर ज्वारी, असा सौदा. एका दुपारीत चौदा मेंढरं गेली. केवळाबाईनं ती तिथंच बांधाला खड्डा करून पुरली, उरलेल्या बावीसांच्या जखमांना हळद लावली आणि सरकारी मदतीची वाट बघत बसली. चार-पाच मेंढ्या जरी आल्या तरी कळप सावरणार होता. नाहीतर कळप विकून लोकाच्या रानात खुरपं धरायचं.

आठ दिवसांनी महसूल खात्याचे गिरदावर बन्सीधर नुकसान लिहून घ्यायला चावडीत मुक्कामाला आले. राज्य बदलून चार महिने झाले होते. हैदराबादचं मुंबई झालं, पण कागदाचे रकाने तेच. पहिला रकाना सर्वे नंबरचा.

"नंबर सांगा, बाई."

"माजा कसला नंबर, साहेब? मेंढरं चालती असतेत."

"मग कसं जमावं? मदत शेताला हाय."

"पण गारा मेंढरांवर पडल्या की!"

"पडल्या कुणाच्या रानात ते सांगा."

दिनकरराव बाजूलाच उभे होते. अशा वेळी ते बाजूलाच असतात. नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला आणि गिरदावरांनी लिहिलं: दिनकरराव, मेंढरं चौदा, मयत.

"कायदाच तसा हाय, केवळे," म्हणून दिनकररावांनी उपरण्यानं डोळेही टिपले. घरची माणसं गेल्यासारखे.

केवळाबाई भांडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेली बावीस मेंढरं तिनं त्यांच्या अंगणात आणून सोडली.

"हे काय गं?"

"मालक, मेलेली तुमची, मग जितीबी तुमचीच. एका कळपाची वाटणी मी कशी करू? सांभाळा. त्या लंगडीला पाला बारीक करून लागतो."

आणि ओट्यावर बसून राहिली.

अंगणात कमलबाईंनी वर्षाचे सांडगे वाळत घातले होते. घातले होते असंच म्हणायचं. कमलबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या, पण मेंढरांवर नाही, नवऱ्यावर. "एक तर ही मेंढरं ठेवा, न्हाईतर मला!"

दिनकरराव चावडीकडे पळाले. "साहेब, मेंढरं माजी न्हाईत! मेलेलीबी न्हाईत! लवकर खोडा, कडबा खायलीत!"

गावासमोर नाव खोडलं गेलं. गिरदावर म्हणाले, "पण नंबर कुठून आणू? रकाना रिकामा असला की कागद परत येतो."

केवळाबाई ओट्यावरून हलेना. कडब्याची गंज गुडघ्याएवढी झाली. शेवटी दिनकररावांनीच लिहून दिलं, की मेंढरं पुरली तो खड्डा, दहा हात लांब, पाच हात रुंद, केवळाबाईच्या मालकीचा. गिरदावरांचा रकाना भरला आणि जीव भांड्यात पडला.

मदत दिवाळीला आली, तीन मेंढ्यांपुरती. त्यातूनही चार आणे कापलेले.

"हे कशाचे, साहेब?"

"खड्ड्याचा शेतसारा. आता तुमी खातेदार झालात, केवळाबाई!"

तिनं तीन मेंढ्या घेतल्या, आणि पहिल्या दिवशी नेऊन बसवल्या त्या स्वतःच्या रानात. तिन्ही मावल्या. वर तिला बसायला जागा उरली.