नूरभाऊचं बोट

"कोबाल्ट म्हातारा झाला, नूरभाऊ," आकड्यांचा कागद हलवत डॉक्टर रामटेके म्हणाले. "किरण कमी पडून राह्यले. सगळ्या पेशंटचा वेळ वाढवा."

कॅन्सरवर किरण सोडणारं ते कोबाल्टचं मशीन चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात येऊन चार वर्षं झाली होती. किरण मोजायचे म्हणजे पाण्याच्या टाकीत एक इवलीशी कुपी सोडायची. तिच्यातल्या चिमूटभर हवेत किरण जेवढी ऊर्जा टाकतील, तेवढा काटा हलायचा.

नूर मोहम्मद मूळचा एक्स-रेच्या डार्करूमचा, सातवी पास; आता या मशीनवर. बाहेर बाकावर एटापल्लीची सुकरी बसली होती. गालात गाठ, वरची कातडी आत्ताच काळवंडलेली. वेळ वाढला तर ती फाटणार, हे त्याला दिसत होतं.

त्यानं टाकीत बोट बुडवलं.

"साहेब, पाणी चव्वेचाळीस हाये."

"बोटानं मोजता?"

"वीस वर्सं एक्स-रे धुवाचं डेव्हलपर बोटानंच पाहून राह्यलो जी."

डॉक्टर हसले, पण थर्मामीटर आणला. त्रेचाळीस.

"एकानं चुकलो," नूरभाऊ ओशाळला.

घोळ आता उघडा पडला. टाकी भरली होती गच्चीवरच्या पाण्यानं, तेही मे महिन्यात. अन् कागदावर तापमान उतरवलं होतं फेब्रुवारीचंच. तापलेली हवा विरळ होते, कुपीच्या नळीतून बाहेर निसटते. कुपीत हवाच कमी, तर काटा काय हलणार?

"रांजणातलं गार पाणी घालून पाहू," नूरभाऊ म्हणाला.

सुकरीचा नवरा पोचू बादल्या वाहायला लागला. "डॉक्टर आंगोळ करते का इथी?"

"मशीनले घालून राह्यलो. चाल लवकर."

गार पाण्यात काटा पुन्हा वर चढला. डॉक्टरांनी कागद फाडला. "वेळ होता तोच ठेवा."

सुकरी मात्र रुसली. "बाजूच्या बाईले सा मिन्टं, मले चारच काऊन? जंगलातली म्हून?"

"या चार मिन्टासाठी साहेबासंग भांडलो, माय."

"मंग अजून भांडाचं होतं!"

उपचाराच्या शेवटल्या दिवशी पोचूनं गावाकडून आलेली टेंभरं, तेंदूची पिकली फळं, सगळ्यांपुढे केली. सुकरीनं एक उचललं, दातानं साल फाडली. गालाला आतून झोंबलं, तिनं डोळे घट्ट मिटले. रस हनुवटीवर ओघळला. त्या काळ्या गालावरून तिनं पदर खसकन फिरवला अन् दुसरं टेंभर उचललं.