दोन बासचा बँड

ज्या जुन्या बँडची गाणी ही मंडळी वाजवायची, त्याच्या बास गिटारवाल्याला एक खोड होती. स्टुडिओत आधी खालचा खर्ज वाजवून ठेवायचा आणि मग त्याच गाण्यावर वरच्या तारांवरचा दुसरा बास चढवायचा. रेकॉर्डवर माणूस एक, बास दोन. स्टुडिओत कुणालाही चार हात फुटतात. स्टेजवर दोनच राहतात, आणि नक्कल करणाऱ्यांची गोची तिथेच होते. बहुतेक कव्हर बँड एक पदर सरळ गाळून टाकतात. लोक जेवत असतात, त्यांना कोण विचारतो.

या बँडने गाळला नव्हता. खर्ज मामा वाजवायचा, वरचा बास त्याची भाची. भाचीला बास शिकवला मामानेच, गळ्यात पट्टा अडकवला तोही त्यानेच. लोक हसायचे, "दोन दोन बास, गाणं उचलायला क्रेन बोलवा." पण ती गाणी लागली की तेच लोक घास हातात धरून बघत बसायचे.

रविवारी सकाळी टायरच्या दुकानावरच्या खोलीत सराव असे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खालून रबराचा वास, आणि गाणं नेमकं हळू झालं की कॉम्प्रेसरचा फुस्कारा. गायकाला सगळे कॅप्टन म्हणत. बँड त्याचा होता म्हणून नव्हे, टक्कल झाकायला तो टोपी घालायचा म्हणून. ड्रमवाला तो ठोक्या.

आणि मामाचा डावा हात गेला होता. पूर्ण नाही. जन्मभर वायरमनचं काम केलेला माणूस, कोपरात शीर दाबली गेली आणि करंगळी नि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. खर्जाकडे फ्रेटमधली, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधली, अंतरं मोठी, चारही बोटं ताणावी लागतात. मामाच्या दोन बोटांना सूर सापडेना. कधी उशिरा पडे, कधी पडतच नसे.

"काय मामा, आज खर्ज उपवासाला?" ठोक्या विचारायचा.

"तुझ्या दणक्यात तो असला काय, नसला काय," मामा म्हणायचा. सगळे हसायचे. मामा हात खिशात घालायचा.

एका रविवारी कॅप्टनने भाचीला जिन्यात गाठलं. "हॉटेलचं वर्षभराचं काम मिळतंय. त्या कंपनीच्या जेवणाला आपण वाजवणार आहोत ना, तिथे हॉटेलचा मॅनेजर ऐकायला येणार आहे. मामा असेच वाजवत राहिले तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. तूच बोल त्यांच्याशी."

"मी बघते," ती म्हणाली.

बघते म्हणाली, बोलते नाही म्हणाली. घरी आईनेही तेच बजावलं, "माझ्या भावाला तोंडावर काही बोलू नकोस. हातावरच जगलाय तो."

म्हणून तिने बोलायचं टाळून वाजवायचं ठरवलं. मामाच्या खर्जात जिथे भोक पडेल तिथे आपण बूच मारायचं, गुपचूप. भोक कुठे पडणार हे आधी कळत नाही, त्यामुळे अख्खा खर्ज हाताखाली ठेवणं भाग होतं. वरचा बास न सोडता.

स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, हेडफोन लावून ती रोज झगडली. सगळ्यांत जाड तार तिने एक सूर खाली उतरवली, म्हणजे खालचे बरेच सूर मोकळ्या तारेवर मिळाले आणि डावा हात वर फिरायला सुटला. अंगठ्याने खर्ज, दोन बोटांनी वरचं. दोन्ही सूर एकदम आले की आधी खालचा आणि डोळा लवायच्या आत वरचा, म्हणजे कानाला दोन्ही एकत्रच वाटतात. जिथे खर्ज पळतो तिथे मात्र हात हरला. तेव्हा तिला मामाचंच शिकवणं आठवलं: ओळीतला पहिला सूर दे, शेवटचा दे, मधलं कान भरून घेतो. तिने मधलं गाळलं. खरंच भरून आलं.

दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. तिथे काचा घासणारी बाई बाळंतपणाला गेली, तेव्हा हिने काउंटर सांभाळून काचाही घासल्या होत्या. मालकाने सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि त्या बाईला परत घेतलंच नाही. हे सगळं हिच्या डोळ्यांदेखत झालेलं. तरीही अक्कल आली नाही.

जेवणाच्या दिवशी दुपारी हॉल भरलेला. मॅनेजर पुढच्याच टेबलाशी, हाताची घडी घालून. शेवटी ठेवलेलं दोन बासचं गाणं सुरू होण्याआधी ठोक्याने स्टूल सरकवलं, त्याच्या पायाला वायर लागली आणि मामाच्या अँप्लिफायरमधून निसटली. टोक गालिच्यावर पडलं. अँप्लिफायरचा दिवा चालूच. मामाची पाठ तिकडे होती.

पहिल्या कडव्यात सगळीकडेच भोकं पडतायत म्हणून भाची अख्खा खर्ज वाजवत होती; वायर तिला दिसली ती दुसऱ्या कडव्यात. मामा शेजारी उभा राहून मान डोलवत वाजवत होता, आणि त्याचा एकही सूर कुठेही पोचत नव्हता. पोचत होता तो तिचा खर्ज. स्टेजवर बास कानापेक्षा पोटरीला जास्त कळतो, आणि मामाच्या पोटऱ्यांना सगळे सूर जागच्या जागी लागत होते. आज आपला हात चालतोय, असं त्याला वाटत होतं.

थांबली असती तर मॅनेजरसमोर तमाशा. ती थांबली नाही. उलट जीव ओतून वाजवलं. आयुष्यात इतकं चांगलं तिने कधी वाजवलं नव्हतं.

टाळ्या पडल्या. मॅनेजरने मान हलवली. मामा घामाघूम होऊन तिच्या कानाशी वाकला. "बघितलंस? एक सूर चुकला नाही आज. हात सुटला बघ."

"मस्त झालं, मामा."

मग तो अँप्लिफायर बंद करायला वळला आणि वायर काढायला वाकला. ती आधीच बाहेर पडलेली होती. मामा तसाच वाकून राहिला. त्याने टोक उचललं, पुसलं, आणि वायर कोपरापासून पंजापर्यंत वेढे घालत गुंडाळायला घेतली. शेवटचा वेढा झाल्यावर विचारलं, "पळत्या जागी काय केलंस?"

"मधलं गाळलं."

"मीही तेच केलं असतं." वेटोळं खाली ठेवत म्हणाला, "मला विचारायचं होतंस गं."

"तुला वाईट वाटेल म्हणून—"

"वाटलं असतं. मग आपण बाजू बदलल्या असत्या. खालचं तू, वरचं मी. वर फ्रेट जवळजवळ असतात. दोन बोटं पुरतात तिथे."

तिला एवढं साधं सुचलं नव्हतं. रोज बसून तिने दोघांचं काम एकटीच्या हातात बसवलं होतं, आणि तेच काम दोघांत पुन्हा वाटून घेता येतं हा विचार एकदाही मनात आला नव्हता. त्याला विचारण्यापेक्षा त्याला वगळून वाजवणं तिला सोपं वाटलं होतं. आणि या वगळण्यालाच ती माया म्हणत होती.

पार्किंगमध्ये कॅप्टन टेम्पोत सामान चढवत होता. तिने त्याला गाठलं.

"मामा वरचं वाजवेल. मी खालचं. आठवडाभरात बसवतो."

"वायर मीही पाहिली," कॅप्टन म्हणाला.

"मग?"

"मग काय? गाणं पूर्ण वाजलं. मॅनेजर खूश आहे. टेम्पोत एक अँप्लिफायर कमी, स्टेजवर एक माणूस कमी. दुसरा बास कशाला हवा, सांग ना."

"दोन बास आहेत त्या गाण्यात."

"आहेत ना. तू वाजवलेस की दोन्ही." तो खरोखरच कौतुकाने बोलत होता. "मी तर मामांच्या जागी दुसरा माणूस बघणार होतो. आता तीही गरज नाही. तूच दाखवलंस."

तिच्या तोंडात शिवी आली होती. पण ती द्यायची कुणाला, हे ठरेना. काम सोडते म्हणायचंही ओठांवर आलं. तेही म्हणाली नाही. वर्षभराचं काम होतं.

पुढच्या रविवारी सरावाला जायच्या आधी ती मामाकडे गेली. तिथे दोघांनी मिळून वाजवावं, निदान घरात, असं तिच्या मनात होतं. बास खाटेवर उताणा पडलेला. मामा एकेक खुंटी उलटी फिरवत होता. बरेच दिवस वाद्य वाजणार नसलं की तारा सैल करून ठेवतात, नाहीतर ताणाने मान वाकते. हे तिला त्यानेच शिकवलं होतं.

"मामा, चल ना. वरचं वाजव. मी खालचं घेते."

"तुला उशीर होईल," तो म्हणाला. "ठोक्या बोंबलेल."

त्याने शेवटची तार सैल केली. ती फ्रेटांवर लोळली, आणि त्याने बोटाने छेडली तेव्हा नुसती खडखडली.