आवाज फाटतो ती जागा

लेखाचा मथळा होता ‘माइकपुढचे हुंदके’. कुंडलिकनं तो मोठ्या टाइपात जुळवला, खालच्या मजकुराकडे वळला आणि दुसऱ्याच ओळीला त्याचा हात थांबला.

बावीस वर्षं तो सोलापुरातल्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवत होता. माढ्याकडच्या एका खेड्यातून सोळाव्या वर्षी आला तो इथंच राहिला. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, गिरणीच्या नोटिसा, दहाव्याची कार्डं, सगळं त्याच्या बोटांतून गेलं होतं. कागदावर काय लिहिलंय त्याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, आपण फक्त काना-मात्रा बघायची, असं तो नेहमी म्हणायचा. पण हा लेख महिपती कडलासकरांवर होता.

कडलासकर सांगोल्याकडचे. प्राथमिक शाळेत मास्तर होते. गाणी स्वतः लिहायचे, चाल स्वतः लावायचे आणि म्हणायचेही स्वतःच. त्यांच्या चार गाण्यांची एक तबकडी निघाली आणि बहात्तर साली ती रेडिओवर वरचेवर लागू लागली. चंद्र-चांदण्यांची गाणी नव्हती ती. पाहुणे गेल्यावर एकटाच अंगण झाडणारा माणूस, बदली झाल्यावर रिकाम्या वर्गात फळा पुसणारा मास्तर, असले त्यांचे विषय. एक गाणं होतं ते मेलेल्या लेकराचे कपडे घडी करून पेटीत ठेवणाऱ्या बापाचं. त्याच्या तिसऱ्या कडव्यात बाप अंगरख्याची बाही वितीनं मोजतो. त्या जागी कडलासकरांचा आवाज फाटायचा. तबकडीतही तो तसाच राहिला होता.

प्राध्यापक त्रिंबक मोहोळकरांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं. ते कॉलेजात मराठी शिकवायचे आणि साप्ताहिकात महिन्यातून एकदा लिहायचे. पुरुषानं दुःख गिळायचं असतं, गाणाऱ्यानं तर ते सुरात बांधायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. ज्याला स्वतःचा गळा सांभाळता येत नाही त्यानं चारचौघांत गाऊ नये, रडायला प्रत्येकाला घर असतं. आणि शेवटी लिहिलं होतं की असल्या गाण्यांवर माना डोलावणाऱ्यांची कीव येते.

कुंडलिकनं ते सगळं जुळवलं. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही.

अंक शुक्रवारी निघाला. रविवारी सकाळी तो नेहमीप्रमाणे गुरुबसप्पाच्या दुकानात गेला. सात रस्ता चौकाजवळ गुरुबसप्पाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रविवारी गिऱ्हाईक नसायचं, म्हणून तो, कुंडलिक आणि गिरणीत मागावर काम करणारा येडू असे तिघं तिथं चहा मागवून कडलासकरांची तबकडी ऐकत बसायचे. त्या दिवशी तबकडी कुणी लावलीच नाही. येडूनं अंक आणला होता आणि तो गुरुबसप्पाकडून लेख दुसऱ्यांदा वाचून घेत होता.

गुरुबसप्पाचं म्हणणं, या प्राध्यापकानं चारही गाणी धड ऐकलेली नाहीत. येडूला लागलं होतं ते शेवटचं वाक्य. गिरणीतली माणसं दोन दिवस त्याला ‘हुंदके’ म्हणून हाका मारत होती. मुकादमानं तर, बायकांसारखं डोळं पुसायला रुमाल आणलाय का, असं सगळ्यांदेखत विचारलं होतं. बोलता बोलता तो कुंडलिककडं वळला.

“तूच जुळवलंस न्हवं हे?”

“व्हय.”

“आन् गप जुळवलंस.”

“माजं काम हाय ते.”

“काम हाय म्हनं. एक खिळा निसटला न्हाय तुज्या हातनं?”

कुंडलिकला येडूचा राग आला, प्राध्यापकाचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. कारण येडूला ठाऊक नव्हती अशी एक गोष्ट होती. प्राध्यापकांनी घाईत मथळ्यात ‘हूंदके’ असं दीर्घ लिहिलं होतं, आणि ते ऱ्हस्व करून घेतलं होतं कुंडलिकनं.

शेवटी गुरुबसप्पानं तोड काढली. आपण उत्तर पाठवायचं. येडूला सहीपुरतं लिहिता येत होतं आणि गुरुबसप्पाचं लिहिणं कानडी शाळेतलं. तेव्हा लिहायचं कुंडलिकनं. इतकी वर्षं त्यानं दुसऱ्यांचं लिहिलेलं जुळवलं होतं. स्वतःचं म्हणून पत्रापलीकडं काही लिहिलं नव्हतं.

तो घरी आला तेव्हा नागूबाई, त्याची बायको, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. तो भिंतीला टेकून वहीचा कागद फाडून बसला. प्राध्यापकांना काय सांगायचं ते पहिल्या पानात सांगून झालं. पण खरं सांगायचं होतं ते त्यात आलं नव्हतं.

कुंडलिक आणि नागूबाईला एक मुलगी होती. विजयमाला. अडुसष्ट साली तापानं गेली, चार वर्षांची असताना. त्यानंतर त्या घरात तिचं नाव निघालं नाही. असं काही ठरवलेलं नव्हतं. हिला सोसणार नाही असं त्याला वाटायचं, आणि त्याला सोसणार नाही असं तिला. पाच वर्षं अशीच गेली. मग गेल्या फाल्गुनात एका दुपारी शेजारच्या रेडिओवर ते बाही मोजण्याचं गाणं लागलं. तिसऱ्या कडव्यात आवाज फाटला आणि नागूबाईचे हात सुपातच थांबले. थोड्या वेळानं ती म्हणाली, “मालाचा निळा झगा मी कुनाला दिला न्हाय. पेटीत हाय.” कुंडलिक म्हणाला की त्याला माहीत आहे, त्यानं बघितलाय. त्या दिवशी दोघं इतकं बोलली की भाकरी करायची राहून गेली.

हे त्यानं चार ओळींत लिहिलं. मग सगळं पत्र नागूबाईला वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं, “तिचं नाव घातलंय?”

“घातलंय.”

“ऱ्हाऊ दे.”

साप्ताहिकाचा संपादक आणि मालक एकच. सगळे त्याला तात्या म्हणत. तात्या वाईट माणूस नव्हता. मालाच्या वेळी तो छापखाना बंद ठेवून मसणवट्यात आला होता. कुंडलिकनं पत्र पुढं ठेवलं तेव्हा त्यानं चष्मा वर करून आधी कुंडलिककडं पाहिलं, आणि छापतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो कागद जुळवणीला आला तेव्हा त्यावर सगळीकडं लाल पेन्सिल फिरली होती. उरलं होतं ते एवढंच: ‘प्रा. मोहोळकरांचा लेख वाचला. कडलासकरांची गाणी आम्हांला आवडतात. सर्वांची आवड सारखी नसते. – काही श्रोते.’

कुंडलिक कागद घेऊन तात्याच्या टेबलाशी गेला.

“तात्या, खालचं समदं काढलं तुमी.”

“जागा कुठंय? आणि घरातलं असं बाजारात मांडू नये, कुंडलिक. लोक हसतील. तुझ्यासाठीच काढलं मी.”

“हसू द्या की.”

“मोहोळकर आपले, तूही आपला. आपल्या-आपल्यात कशाला वाढवायचं?” असं म्हणून तात्यानं पुढचा कागद ओढला.

कुंडलिक खिळ्यांच्या खणांपुढं येऊन उभा राहिला. तीन ओळी जुळवून झाल्या. जागा नाही हे खोटं होतं. त्याच पानावर तेलाची एक जाहिरात यायची राहिली होती आणि चार बोटं रिकामी होती. त्यानं मापून पाहिली. त्याच्या चार ओळी तिथं नेमक्या बसत होत्या. पान शेवटी बांधायचं तेही त्याच्याच हातात होतं. शुक्रवारपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता.

त्यानं त्या चार ओळी जुळवल्या. हातातल्या पट्टीवर विजयमालाचं नाव उलट्या अक्षरांत उभं राहिलं. तो ते कितीतरी वेळ बघत राहिला. लोक हसतील, याचं त्याला काही वाटत नव्हतं. नोकरी जाईल असंही मनात आलं आणि गेलं. पण आपल्या पोरीचं नाव कुणाच्या नकळत, चोरून छापलं जाणार, हे त्याला काही केल्या पटेना. उघड छापायची माणसांची तयारी नाही आणि चोरून छापायला आपलं मन घेत नाही. त्यानं एकेक खिळा काढून आपापल्या खणात परत टाकला आणि रिकाम्या चार बोटांत वेलबुट्टीची नक्षी बसवली.

तीन ओळी ऐकून येडू म्हणाला की एवढं तर त्यालाही लिहिता आलं असतं. मग तो दोन-तीन रविवार दुकानाकडं फिरकलाच नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी खुद्द कडलासकर सोलापुरात आले. रविवारी दुपारी चारला एका शाळेच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम होता. येडूही राग विसरून गिरणीतली पाच-सहा माणसं घेऊन आला. नागूबाई जरीकाठाचं लुगडं नेसून आली. पहिल्या रांगेत प्राध्यापक मोहोळकर बसले होते.

कडलासकर किडकिडीत, जाड भिंगाचा चष्मा लावलेले. बाजाची पेटी पुढं ओढून त्यांनी आधी दोन शब्द सांगितले. जाणकारांनी आपल्या उणिवा दाखवल्या, त्याबद्दल आपण ऋणी आहोत. गेले काही महिने मिरजेला जाऊन एका बुवांकडे गळ्यावर मेहनत घेतली. मग एकेक करून गाणी झाली आणि शेवटी त्यांनी बाही मोजण्याचं गाणं धरलं.

तिसरं कडवं आलं. नागूबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं. कडलासकरांचा आवाज वर चढला, गोल आणि स्वच्छ, वरच्या सुराला लागला, तिथं क्षणभर ठरला आणि अलगद खाली उतरला. कुठं तडा नाही, कुठं कंप नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. मोहोळकर उभे राहून टाळ्या वाजवत होते. येडूनं मान वळवून कुंडलिककडं पाहिलं. त्याचा चेहरा जिंकलेल्या पैलवानासारखा झाला होता.

कुंडलिकनं नागूबाईकडं पाहिलं. तिनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते कडवं अजून यायचंय असं समजून बसल्यासारखी ती समोर बघत होती.

कार्यक्रम संपल्यावर गुरुबसप्पा कुंडलिकला ओढतच आत घेऊन गेला. कडलासकर टॉवेलनं मान पुसत होते. पेपरात आपल्या बाजूनं पत्र लिहिलेलं ते यांनीच, असं गुरुबसप्पानं सांगितल्यावर ते चटकन पुढं आले. कुंडलिकचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

“ते कात्रण मी जपून ठेवलंय,” ते म्हणाले. “सगळे तुटून पडले होते. तेवढ्या तीन ओळी माझ्या बाजूच्या होत्या.”

मग ते आवाज उतरवून बोलू लागले.

“तिसऱ्या कडव्यात माझा आवाज जायचा. तबकडीत ते राहून गेलं, त्याची मला फार लाज वाटायची. आता बसलाय तो. कसा वाटला तुम्हांला?”

लाल पेन्सिलीनं खोडलेलं सगळं पत्र कुंडलिकच्या ओठांवर आलं. आता तर कुणी संपादकही मध्ये नव्हता. पण समोरचा माणूस घामानं भिजलेला होता, आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखा त्याच्या तोंडाकडं बघत होता.

“सुरात हुता,” कुंडलिक म्हणाला. “कुटं हालला न्हाय.”

कडलासकरांचा चेहरा खुलला. त्यांनी पुन्हा एकदा त्याचा हात दाबला.

नागूबाई फाटकाजवळ उन्हातच उभी होती. त्यांना काय म्हणालात, असं तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. ती म्हणाली, “बरं केलंत. लई दमल्यालं दिसत हुतं.”

ती दोघं निघाली. पुढं येडू, गुरुबसप्पा आणि गिरणीतली माणसं खुशीत चालली होती. आता तो प्राध्यापक काय बोलतो बघू, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, आणि येडूनं तेच गाणं तोंडात धरलं. बाकीच्यांनी त्याला साथ दिली.

“जरा हळू चला,” नागूबाई म्हणाली.

कुंडलिकनं पाऊल आखडतं घेतलं. पुढची माणसं लांब गेली, सात रस्त्याला वळली, आणि गाणं ऐकू येईनासं झालं. तरी ती दोघं तशीच हळू चालत राहिली.